हुकूम आणि गवाही

महामारीच्या दिवसांत माणसाच्या कानावर दोन प्रकारची वाक्ये पडतात. पहिले असते, 'असे करा, नाहीतर कारवाई होईल.' दुसरे असते, 'आम्ही तपासून पाहिले, आम्हाला असे आढळले.' पहिले वाक्य हुकमाचे आहे, दुसरे गवाहीचे. हुकूम देणाऱ्याच्या हाती पोलीस असतात, कायदा असतो, रेशनचे दुकान असते. गवाही देणाऱ्याजवळ आपल्या खरेपणाखेरीज दुसरे भांडवल नसते. म्हणून हुकूम पाळला जातो आणि गवाही मानली जाते. पाळणे आणि मानणे यांत मोठे अंतर आहे.

कोविडच्या काळात ही दोन्ही वाक्ये आपल्याला एकाच टेबलावरून, एकाच माइकवरून ऐकावी लागली. अधिकारी आणि शास्त्रज्ञ एका ओळीत बसत. कोणते वाक्य तपासणीतून आले आणि कोणते सोयीतून, हे टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला उमगत नसे. अशा वेळी एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्या सत्तेवर माझा विश्वास नाही, तिच्या शेजारी बसलेल्या शास्त्रज्ञाची गवाही मी मानावी की नाही? आणि मानली नाही, तर त्या नकाराची किंमत कोण भरतो?

हा प्रश्न सर्वांचाच आहे. पण आपल्या समाजाला तो जरा जास्त टोचतो. मी शहागंजला राहते आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकात नव्हे, मोहल्ल्यात भेटला. आमच्या शहराचे नाव 2023 साली अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. मी ज्या वर्षांविषयी लिहिते आहे त्या वर्षांत ते औरंगाबाद होते, म्हणून पुढे तेच नाव वापरते.

हा प्रश्न कोविडने जन्माला घातलेला नाही. महाराष्ट्राने तो सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा पाहिला आहे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी 1897 मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला. कायदा अगदी छोटा, पण अधिकार अफाट. या कायद्याखाली चांगल्या हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, अशी तरतूदही त्यात होती. पुण्यात वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले, बायामाणसांची तपासणी झाली, सामान बाहेर फेकले गेले. 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

पुण्याचा हा इतिहास शाळेत शिकवला जातो. मुंबईचा मात्र फारसा शिकवला जात नाही. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगचे पथक एका आजारी मुलीला न्यायला आले. वस्तीने तिला देण्यास नकार दिला. त्यातून दंगल उसळली आणि गोळीबारही झाला. हे विणकर अडाणी होते म्हणून त्यांनी विरोध केला, असे सरकारी कागद सुचवतात. पण ज्या दवाखान्यात गेलेले माणूस परत येत नाही, जिथे आपली भाषा कुणी बोलत नाही, पडदा कुणी पाळत नाही, तिथे आपली लेक द्यायला कोणता बाप तयार होईल? त्यांचा नकार वैद्यकशास्त्राला होता की बंदूक घेऊन आलेल्या वैद्यकशास्त्राला, हे वेगळे करून पाहण्याची गरज त्या सरकारला कधी वाटली नाही.

आता त्याच काळातली दुसरी घटना पाहा. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ तेव्हा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करत होता. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती लस सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे आगाखान तिसरे, जे त्या वेळी जेमतेम विशीत होते, यांनी आपल्या खोजा जमातीच्या मनातली भीती जावी म्हणून सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपला 'खुश्रू लॉज' हा बंगला दिला. रोग तोच, शहर तेच, सरकार तेच. एका ठिकाणी गोळी चालते आणि दुसऱ्या ठिकाणी लोक रांग लावतात. फरक हुकूम आणि गवाहीचा आहे. हाफकिनने कुणाला हुकूम दिला नाही. त्याने आपला दंड पुढे केला. आगाखानांनी ज्यांच्यात ते वाढले त्या लोकांपुढे तीच गवाही पुन्हा दिली.

पण सत्तेला गवाही देणाऱ्याची कदर किती असते, हेही हाफकिनच्याच आयुष्यात दिसले. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला, हाफकिनला दूर केले गेले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही गोष्ट मागे पडली. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी त्याची बाजू लावून धरली तेव्हा कुठे 1907 मध्ये त्याच्यावरचा कलंक पुसला. परळच्या त्या संस्थेला 1925 साली त्याचे नाव दिले गेले. सत्तेला यश मिळाले तर श्रेय तिचे आणि अपघात झाला तर दोष शास्त्रज्ञाचा, हा रिवाज तेव्हापासूनचा आहे.

तोच 1897 चा कायदा मार्च 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला. त्यानंतर जे घडले ते आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये मार्चच्या मध्यावर मोठा जमाव होता आणि तिथून संसर्ग अनेक राज्यांत गेला, हे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. दिल्लीत जमावबंदीचे आदेश निघू लागले होते, तेव्हा आयोजकांनी अधिक सावध राहायला हवे होते, असे माझे मत आहे. पण पुढे काय झाले? केंद्र सरकारच्या रोजच्या निवेदनात एका धार्मिक मेळाव्याशी संबंधित रुग्णांचा वेगळा आकडा येऊ लागला. 18 एप्रिल 2020 रोजी सांगण्यात आले की देशातील 14,378 रुग्णांपैकी 4,291, म्हणजे जवळपास तीस टक्के, या एका मेळाव्याशी जोडलेले आहेत.

आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. पण आकड्यालाही संदर्भ लागतो, हे आम्ही नववीच्या मुलांना शिकवतो. तपासण्या मोजक्याच होत असतील आणि एका गटाला शोधून शोधून तपासले जात असेल, तर रुग्णांमध्ये त्या गटाचा वाटा मोठा दिसणारच. बाकीच्या समाजात रोग किती पसरला आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही. ही साधी गोष्ट सांगण्याचे काम कुणी केले? ते शास्त्रज्ञांनीच केले. देशभरातील शेकडो शास्त्रज्ञांच्या एका गटाने एप्रिल 2020 मध्येच जाहीर केले की उपलब्ध माहितीवरून साथीचा दोष तबलीगींवर टाकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मायकेल रायन यांनीही रुग्णांची धर्मावरून वर्गवारी करू नये असे सांगितले. पण चॅनेलवाल्यांच्या आरडाओरड्यात हा आवाज शहागंजपर्यंत, किराडपुऱ्यापर्यंत, रोशनगेटपर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचला तो फक्त आकडा. आणि तो आकडा आरोग्य खात्याच्या तोंडून आला होता. त्यामुळे लोकांनी आरोग्य आणि आरोप यांची गाठ मनाशी पक्की बांधली.

न्यायाची बाब मात्र आमच्याच शहरात निकाली लागली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे रद्द केले. त्यात 29 परदेशी नागरिक होते. महामारीत राजकीय सरकार बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी पाहुण्यांना तसे निवडले गेल्याची शक्यता परिस्थितीवरून दिसते, असे निकालपत्रात म्हटले होते. खंडपीठातील एका न्यायमूर्तींनी गुन्हे रद्द करण्यास सहमती देऊन, काही निरीक्षणांशी आपण सहमत नसल्याचे नंतर स्वतंत्रपणे नोंदवले, हेही सांगितले पाहिजे. निकाल आला तेव्हा मोहल्ल्यात समाधान पसरले. पण एप्रिलमध्ये तुटलेला विश्वास ऑगस्टमध्ये निकालाने जोडला जात नाही.

त्याचा अनुभव मला लगेच आला. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि आम्हा शिक्षकांनाही घरोघरी पाठवण्यात आले. हातात ऑक्सिमीटर, ताप मोजायची बंदूक आणि एक रजिस्टर. दार उघडणाऱ्या बाया मला ओळखत होत्या. काहींची मुले माझ्या वर्गात होती. त्या बोट पुढे करत, ऑक्सिजन किती आहे ते उत्सुकतेने विचारत. पण मी रजिस्टर उघडले की चेहरा बदले. "टीचर, मशीन लगाओ, नाम मत लिखो," असे एका आजींनी मला स्पष्ट सांगितले. दुसऱ्या घरात विचारले गेले, "ये लिस्ट कहाँ जाती?" नागरिकत्व कायदा डिसेंबर 2019 मध्ये मंजूर होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. कागद दाखवा, नावे द्या, या शब्दांची धास्ती घराघरांत बसली होती. त्या धास्तीवर साथ येऊन पडली.

त्या आजींचे वाक्य मला या संपूर्ण प्रश्नाची किल्ली वाटते. त्यांना यंत्राविषयी शंका नव्हती, वहीविषयी होती. विज्ञानावरचा अविश्वास असे ज्याला वर्तमानपत्रे म्हणतात, तो बहुतेक वेळा वहीवरचा अविश्वास असतो. आपल्या देशात त्याला इतिहास आहे. आणीबाणीत कुटुंबनियोजनाच्या नावाखाली जबरदस्तीच्या नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक 1976 मध्ये मंजूर केले ते आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, हे सुदैव. पण पुढे पंचवीस वर्षांनी उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांना 'नसबंदीची दवा' म्हणून नकार मिळाला, तेव्हा ती अफवा हवेतून आली नव्हती. शेजारच्या पाकिस्तानात तर अमेरिकेच्या सीआयएने 2011 साली ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी ॲबटाबादेत हिपॅटायटिस-बी लसीकरणाची मोहीम आडोसा म्हणून वापरली. त्यानंतर तिथे पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायकांचे खून पडू लागले. यापुढे लसीकरण मोहिमांचा असा वापर करणार नाही, हे आश्वासन अमेरिकेने 2014 मध्ये दिले. तोवर हेरांनी खर्च केलेला विश्वास डॉक्टरांच्या खात्यातून वजा झालेला होता, आणि मेली ती पोलिओ पाजणारी गरीब बाई.

कोविडच्या लशीबाबत आपल्याकडे हाच खर्च वेगळ्या रीतीने झाला. 2 जुलै 2020 रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी रुग्णालयांना पत्र लिहून कोव्हॅक्सिन 15 ऑगस्टपर्यंत लोकांसाठी आणण्याचे लक्ष्य दिले. माणसांवरच्या चाचण्या तेव्हा सुरूही झाल्या नव्हत्या. स्वातंत्र्यदिनाची तारीख आधी आणि चाचणीचे निष्कर्ष मागाहून, हा क्रम कोणत्या शास्त्रात बसतो? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने ही मुदत अवास्तव असल्याचे जाहीरपणे सांगितले. 3 जानेवारी 2021 रोजी त्या लशीला तातडीची परवानगी मिळाली, तेव्हाही तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे हाती नव्हते. ते पुढे आले: 77.8 टक्के. म्हणजे लस चांगली निघाली. परंतु आधी घाई करून निर्माण केलेली शंका नंतरच्या चांगल्या आकड्याने पूर्ण धुतली जात नाही. दुसऱ्या बाजूला अखिलेश यादवांनी परवानगीच्या आदल्या दिवशी 'भाजपची लस' आपण घेणार नाही असे जाहीर केले आणि जूनमध्ये लस घेणार असल्याचे सांगितले. सत्ताधाऱ्याने लशीवर आपला झेंडा लावला. विरोधकाने तो झेंडा पाहून लसच नाकारली. लशीत काय आहे, हे दोघांनाही दुय्यम होते.

याहून अवघड उदाहरण कोव्हिशील्डच्या दोन डोसांतील अंतराचे आहे. मे 2021 मध्ये ते 12 ते 16 आठवडे करण्यात आले. त्या दिवसांत लशीचा तुटवडा होता, केंद्रांवर पहाटेपासून रांगा होत्या. लोक म्हणाले, माल नाही म्हणून अंतर वाढवले. वस्तुतः अंतर लांबवल्यास ही लस अधिक चांगले काम करते, असे परदेशातील चाचण्यांमधून दिसले होते. परंतु सरकारच्या सल्लागार गटातील काही शास्त्रज्ञांनी नंतर सांगितले की इतके अंतर आम्ही सुचवले नव्हते. इथे विचार करण्यासारखी बाब ही आहे की एखादी गोष्ट खरी असू शकते आणि त्याच वेळी सत्तेच्या सोयीचीही असू शकते. सोयीची आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. पण ज्या सरकारने सल्लागारांचे म्हणणे वेळीच जसेच्या तसे लोकांपुढे ठेवलेले नसते, त्याच्या तोंडून आलेले खरेही लोकांना सबबीसारखे वाटते. यात तोटा शास्त्रज्ञाचा होतो आणि रांगेतल्या माणसाचाही.

गर्दीचेही तसेच झाले. गर्दी टाळा, ही शास्त्रज्ञांची गवाही 2020 मध्ये होती तीच 2021 मध्ये होती. पण 2020 मध्ये मरकजची गर्दी गुन्हा ठरली, आणि 2021 च्या वसंतात हरिद्वारचा कुंभ व बंगालच्या प्रचारसभा भरत राहिल्या. कुंभ प्रतीकात्मक ठेवावा, असे पंतप्रधानांचे आवाहन आले ते 17 एप्रिल 2021 रोजी, तोवर दुसरी लाट छातीवर बसली होती. विषाणूला धर्म नसतो, हे वाक्य तेव्हा सगळेच म्हणत होते. मात्र नियमाला धर्म असतो अशी लोकांची समजूत झाली, तर ती चुकीची आहे असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

अखेर आमच्या जिल्ह्यात हुकमाची पाळी आली. नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात पहिला डोस घेतलेल्यांचे प्रमाण सुमारे 55 टक्के होते, राज्याचे सुमारे 74. जिल्हा प्रशासनाने आदेश काढला की किमान एक डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस, रेशन मिळणार नाही. मकबरा आणि वेरूळ-अजिंठाही पाहता येणार नाही. लसीकरण वाढावे, ही प्रशासनाची तळमळ मी समजू शकते. पण रेशनच्या दुकानात दिलेली सुई हातात जाते, मनात जात नाही. त्याच महिन्यात तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांतील संकोच घालवण्यासाठी सलमान खान आणि धर्मगुरू यांची मदत घेण्याचे जाहीर केले. माझ्या वर्गातली मुले सलमानवर जीव टाकतात. तरी सुई टोचून घेताना त्यांच्या आजीला सलमान नको असतो. तिला गल्लीच्या कोपऱ्यावरचा, तीस वर्षे तिचा ताप पाहणारा डॉक्टर हवा असतो. 1897 मध्ये आगाखानांनी जे ओळखले होते ते हेच. पुढे मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही असा निर्वाळा दिला. त्याच निकालात लसीकरणाचे धोरण अवाजवी नसल्याचेही सांगितले. हुकूम आणि गवाही यांना न्यायालयाने जणू दोन वेगळ्या पारड्यांत ठेवले.

इथपर्यंत वाचून एखादा वाचक म्हणेल, मग आमचा अविश्वास रास्तच होता. तो समजण्यासारखा होता, असे मी म्हणेन. रास्त होता का, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना आपण एक गोष्ट विसरतो. या महामारीत आपल्या बाजूने सर्वांत भक्कम गवाही कुणी दिली?

30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले की कोविडने दगावलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहन केले जाईल. ते त्याच दिवशी मागे घेतले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात दफन आणि दहन दोन्ही चालतील असे म्हटलेले होते. वांद्र्याच्या कब्रस्तानातील दफनाला काही रहिवाशांनी आव्हान दिले, तेव्हा मे 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले, कारण मय्यतीतून रोग पसरतो याला शास्त्रीय पुरावा नव्हता. श्रीलंकेत उलट घडले. तिथे दफनाने भूजल दूषित होईल, अशी भीती तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनीच घातली आणि मुसलमानांच्या मय्यती जाळल्या गेल्या, अगदी तान्ह्या बाळांच्याही. फेब्रुवारी 2021 मध्ये ती सक्ती उठली, आणि जुलै 2024 मध्ये तिथल्या सरकारने माफी मागितली. एकाच प्रश्नावर एका देशात विज्ञान सत्तेच्या पदरी गेले आणि दुसऱ्या देशात ते कब्रस्तानाच्या दारात आपल्या बाजूने उभे राहिले. तबलीगींच्या आकड्याची खरी उकल करणारेही शास्त्रज्ञच होते.

दुर्बलांच्या हाती पोलीस नसतात, चॅनेल नसतात. त्यांच्या बाजूने उभा राहू शकणारा एकच असतो: जो पुराव्याने बोलतो तो साक्षीदार. सत्तेच्या शेजारी बसला म्हणून त्या साक्षीदाराला आपण सरसकट खोटा ठरवला, तर सत्तेचे काही बिघडत नाही. उद्या पुन्हा आपल्यावर आळ आला, तर आपल्यासाठी बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन उरणार नाही, आणि ते वजन कमी करण्यात आपलाही हात असेल.

शिवाय आपल्या घरातले राजकारण काय कमी होते? लशीत डुकराची चरबी आहे, लशीने मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, असे संदेश मोबाइलवरून फिरत होते. ते पाठवणाऱ्याला कुणी विचारले नाही की तुझी सनद काय. अनेक उलेमांनी, अनेक मशिदींच्या लाऊडस्पीकरवरून लस घेण्याचे आवाहन झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण काही पुढाऱ्यांना लोकांची भीती गोड वाटत होती. भ्यालेला माणूस पुढाऱ्याच्या मागे उभा राहतो. सरकारने विश्वासाचा वापर केला असेल, तर काही पुढाऱ्यांनी अविश्वासाचा केला.

आपल्या परंपरेत या कोड्याचे उत्तर फार जुने आहे. सूरह हुजुरातची शिकवण अशी की भरवशाच्या नसलेल्या माणसाने खबर आणली तर तिची छाननी करावी. खबर फेकून द्यावी असे तिथे सांगितलेले नाही. डोळे मिटून मानावी असेही नाही. याच शिकवणीतून मुहद्दिसांनी रावींची छाननी करणारे एक शास्त्रच उभे केले. अमुक रावी कुणाकडून ऐकतो, त्याची स्मरणशक्ती कशी, त्याचे हितसंबंध काय, तो दरबारी आहे काय, एवढे सगळे तपासले जाई. दरबारात जाणाऱ्या रावीकडे सावधपणे पाहिले जाई, पण त्याची रिवायत दुसऱ्या वाटेनेही आली आहे का, हेही पाहिले जाई. ज्यांच्या पूर्वजांनी एकेका वाक्यासाठी शेकडो कोसांचा प्रवास केला, त्यांनी मोबाइलवर आलेली खबर अंगठ्याच्या एका दाबाने पुढे ढकलावी, हे शोभत नाही. आणि एखाद्या समूहाविषयीचा राग आपल्याला न्यायापासून ढळवू नये, हा आदेश सरकारविषयीच्या आपल्या रागालाही लागू आहे.

ही छाननी मी माझ्या वर्गात पाच साध्या प्रश्नांत बसवली आहे. हे सांगणारा कोण? त्याने स्वतः तपासले की ऐकले? दुसऱ्या कुणी, दुसऱ्या देशात, तेच तपासले का? सांगण्यात त्याचा काय फायदा आहे? आणि पुरावा बदलला तेव्हा त्याने आपले मत बदलले का? या शेवटच्या प्रश्नाशी मुले अडखळतात. मत बदलणारा त्यांना खोटा वाटतो. मग मी प्लाझ्माचे उदाहरण देते. 2020 मध्ये बरे झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा देऊन इतरांना वाचवता येईल अशी आशा होती. बऱ्या झालेल्या अनेक तबलीगींनीही तो दान केला. वैद्यकीय संशोधन परिषदेने मोठी चाचणी घेतली, तिच्यात फायदा दिसला नाही, आणि मे 2021 मध्ये हा उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. दान करणाऱ्यांचे पुण्य त्यामुळे कमी झाले नाही आणि शास्त्रज्ञ खोटेही ठरले नाहीत. आपल्या आशेविरुद्ध गेलेला पुरावा त्यांनी मान्य केला. स्वतःविरुद्ध गेली तरी गवाही खरी द्यावी, असे आपल्यालाही शिकवलेले आहे. राजकारणी माणूस मत बदलतो तेव्हा वारे बदललेले असते. शास्त्रज्ञ बदलतो तेव्हा पुरावा बदललेला असतो. ही पारख मुलांना आली, तर माझे विज्ञान शिकवणे कामी आले असे मी समजेन.

अर्थात छाननीचा सगळा भार रांगेतल्या माणसावर टाकून चालणार नाही. सरकारने शास्त्रज्ञांचा सल्ला त्यांच्याच शब्दांत, लोकांच्या भाषेत, मराठीत आणि उर्दूत, लोकांपुढे ठेवावा, आणि निर्णय आपला असेल तर तो आपला म्हणून सांगावा. आजाराची वही पोलिसांच्या वहीपासून वेगळी ठेवावी. शास्त्रज्ञांनी 15 ऑगस्टसारख्या तारखा पुढे आल्या की तोंड उघडावे. बंगळुरूच्या अकादमीने ते केले. बाकीच्या किती संस्थांनी केले? जो साक्षीदार खासगीत खरे बोलतो आणि व्यासपीठावर मान डोलावतो, त्याला लोकांनी मानले नाही तर त्याने तक्रार करू नये.

पुढची साथ कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. पण ती येईल तेव्हा पुन्हा तेच टेबल असेल, तोच माइक असेल आणि हुकूम व गवाही पुन्हा एका आवाजात येतील. त्या वेळी दोन्ही वेगळे करून ऐकण्याची सवय आपल्या घरांत, मदरशांत, शाळांत, जुम्याच्या बयानात आजपासूनच लावायला हवी. हुकमाला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला घटनेने दिला आहे, तो आपण जरूर वापरावा. गवाही मात्र तपासून घ्यावी, आणि ती खरी ठरली तर मानावी, मग ती कुणाच्याही शेजारी बसून दिलेली असो.